पुस्तकातले नमस्कार

केनवड, रविवार

प्रिय यूसरा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फेकलं नसशील, तर आधी बातमी सांगते. आदर्शचं लग्न झालं. नवरी वाशिमची आहे, आणि आमच्या भाऊरायाला तिने आठ दिवसांत सुतासारखं सरळ केलंय. तुला बोलवायचं फार मनात होतं. हिंमत झाली नाही.

दुसरी बातमी ‘अंगणोअंगणी’ची. एकसष्ट साली छापलेलं ते पुस्तक, लेखकाच्या जागी नुसतं ‘एक वाटसरू’. अनसिंगपासून किन्हीराजापर्यंत गावोगाव पायी फिरून लिहिलेलं. ते माझ्या आजोबांनी, दौलतराव गुरुजींनी लिहिलं असं सारं गाव धरून चालतं. आता बाबा त्यांचं नाव घालून नवी आवृत्ती काढताहेत. मराठी शिकवणारी लेक घरात असताना प्रस्तावनेला बाहेर कोण जाणार? पुस्तकात त्या वाटसरूला जागोजागी बाया वाकून नमस्कार करतात. मी ऐटीत लिहिलं, की लेखक शिक्षक होता हे यावरून उघड आहे, गुरुजींचा तो मान!

मग लग्नाच्या बांगड्या भरायला तुझी सितारा भाभी आली. आमची ऐंशीची कस्तुराआत्या, जिच्या पाया अख्खं गाव पडतं, तिने हात भरून झाल्यावर सिताराला वाकून नमस्कार केला. मला हसू आलं. आत्या म्हणाली, “हासून काय राह्यली? बांगड्या भरनाऱ्याले नमस्कार कराच लागते. लहान असो का मोठा, आपला असो का मुसलमान.” मी जन्मभर दुकानातून बांगड्यांचा डबा आणणारी, मला कुठून ठाऊक असणार?

त्याच दुपारी पुस्तक पुन्हा काढून बसले. अनसिंगच्या बायांची बोटं कापूस वेचून चिरलेली. किन्हीराजाच्या एका सुनेचं मनगट हातात घेतलं तर सुजलेलं, विचारलं तर म्हणाली, पडले. अगं, आमच्या आजोबांनी परक्या सुनेचं मनगट हातात घेतलं असतं तर गावाने त्यांची धिंड काढली असती! हे मणियारानेच लिहिलंय. आणि त्या काळी या वाटेवर बांगड्या घेऊन फिरणारा मणियार एकच होता, तुझे आजोबा, रज्जाकदादा.

मी त्यांना भेटून आले. त्यांना दिसत नाही, पण माझं रिकामं मनगट चाचपून रागावले मात्र. लिहिलं त्यांनीच. माझ्या आजोबांनी शुद्धलेखन तपासून अकोल्याला छापून आणलं. नाव का घातलं नाही, विचारलं. म्हणाले, “नाव लावलं असतं तं कोन्या सासऱ्यानं मले अंगनात येऊ देल्लं असतं? आन् त्या पोरीचे काय हाल केले असते?” मग म्हणाले, “त्या बाया आता नाही राह्यल्या, बेटा. आता लावशीन का माहं नाव?”

बाबांना हे सांगितलं. “मेल्या बापाले चोर ठरोतं काय?” एवढं बोलले, आणि आठवडा झाला, माझ्याशी अबोला आहे. आजोबा चोर नव्हते. पुस्तक मी लिहिलं असं त्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही. पण लोक म्हणायचे तेव्हा ते गप्प राहून हसायचे, ते मी पाहिलंय. माझा त्यांच्यावर किती जीव होता, तुला माहीत आहे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. सातवीत बाईंनी त्या पुस्तकातला उतारा वाचला, तेव्हा तू उभी राहून म्हणालीस, “हे माह्या दादानं लिवलं.” सगळ्यांत आधी ‘खोटारडी’ म्हणून ओरडले ती मी. तुला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं, आणि त्यानंतर तू आमच्या घरी पाऊल टाकलं नाहीस. येत्या शुक्रवारी आपल्या शाळेत पुस्तकाचं प्रकाशन आहे. काल छापखान्यात जाऊन मी मुखपृष्ठावरचं नाव बदलून आले. बाबांना अजून ठाऊक नाही, आणि कळल्यावर या घरात माझं काय होईल ते मला ठाऊक नाही. भीती वाटते, यूसरा. पण शुक्रवारी मी आधी रज्जाकदादांचं नाव घेईन, मग तुझं घेईन, आणि सांगेन की त्या दिवशी अख्ख्या वर्गात खरं बोलणारी ही एकटीच होती. तू ये किंवा येऊ नकोस, मी बोलणार आहे.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच,
सुचिता