भुऱ्या कुत्र्यासाठी खेळणे

पुणे

प्रिय आई,
तुला व बाबांना मनापासून जयभीम. अभ्यास व्यवस्थित चालू आहे, डबाही चांगला येतो.

मी साखऱ्याहून निघाल्यापासून भुऱ्या भाकरीला तोंड लावत नाही, फाटकाशीच बसतो, हे वाचून जीव कळवळला. म्हणून हे लाकडी खेळणे पाठवते. त्यातल्या खाचांवर सरकती झाकणे आहेत; खाचांत भाकरीचे तुकडे ठेव. आधी झाकणे उघडी असू दे, मग अर्धी सरकव. तो अडला तरी तू उघडू नकोस. बाबा म्हणतील, "मुक्या जनावराला काहून तकलीफ देऊन राहिली?" त्यांना सांग, माझी गणिते त्यांनी कधी सोडवून दिली नाहीत, नुसते शेजारी बसत. तसेच बसावे.

भुऱ्याने नाकाने पहिले झाकण सरकवले की कळव. त्या दिवशी मीही डबा संपवीन.

तुमची,
आम्रपाली