बाबांची अक्षरं

३ मार्च, सोमवार
बाबांच्या रंगकामाच्या दुकानाचा परवाना संपला. मी नूतनीकरणाला गेले. कारकून म्हणाला, परवाना त्यांच्या नावावर होता, ते गेले तसा तोही गेला. वारसाला मिळत नाही, नवा काढा. काढणार कोण? मी औषधांच्या दुकानात, दादा बस चालवतो. पाट्या रंगवणारं घरात कुणी उरलेलंच नाही.
तासभर दुकानात बसून आले. टर्पेंटाइनचा वास अजून आहे. शाळा सुटली की मी इथंच यायचे. रेघ आखायच्या दोरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं बाबांच्या. "हलू नकोस, नाहीतर शिंप्याचं दुकान उतरणीला लागेल." मी श्वाससुद्धा रोखून धरायचे.

५ मार्च
फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा फोन! कुणीतरी बाबांच्या पाट्यांचे फोटो काढून त्यांना दाखवले. ती अक्षरं त्यांना हवीत. कराराचा कागदही पाठवलाय. मूळ रेखाटनं आईच्या कपाटात आहेत, खाकी कागदाच्या गुंडाळ्या.
दादा म्हणतो, सही कर आणि मोकळी हो.

१० मार्च
वकीलबाईंकडे जाऊन आले. मला वाटायचं, परवाना म्हणजे भिंतीवरचा शिक्क्याचा कागद. तर अक्षरं वापरू द्यायचाही परवाना असतो. भिंतीवरचा तो धंद्याचा, सरकारनं दिलेला. अक्षरांचा हक्क वेगळा — ज्यानं काढली त्याचा, आणि तो गेल्यावरही बरीच वर्षं वारसांचा. दुकानाच्या नावाचं, चिन्हाचं आणखी निराळं.
"घर विकणं वेगळं आणि भाड्यानं देणं वेगळं," त्या म्हणाल्या. भाड्यातही दोन तऱ्हा. एकालाच दिलं की किल्ली त्याच्याकडे, आपल्यालाही आत पाऊल टाकता येत नाही. नाहीतर मग हवं त्याला द्यायचं, आपणही वापरायचं.
कंपनीचा कागद? एकट्या कंपनीला आणि कायमचं! नाव भाड्याचं, घेणार घरच.

११ मार्च
दादाशी वाजलं. त्याला अजूनही नुसती सहीच हवी.

१३ मार्च
दादा आपणहून आला. म्हणाला, चल, पाट्या बघून येऊ. जुन्या बाजारातून चालत गेलो. शिंपी, घड्याळजी, बंद पडलेला दवाखाना. प्रत्येक पाटीत शेवटच्या अक्षराचं शेपूट जरा लांब, जणू पाय निघत नाहीये. ओल्या रंगाला बोट लावलं म्हणून कुणाला किती धपाटे बसले, ते आठवून खूप हसलो.
घड्याळजींच्या दारात दादा थबकला. हळूच म्हणाला, "पाच वर्षांपुरतं देऊ. आणि एकट्यालाच नको."

१५ मार्च, शनिवार
कंपनी तयार झाली. वकीलबाईंना फक्त एक निवेदन हवं होतं, अक्षरं कुणी काढली त्याचं. मी बाबांचं नाव लिहिलं आणि साक्षीदार म्हणून आईपुढे ठेवलं. तिनं वाचलं, चष्मा काढला.
"इथे त्यांचं नाव नको," म्हणाली. "रंग ते भरायचे. तुम्ही शाळेत गेलात की अक्षरं मी काढायचे."
मग माझ्याच पेन्सिलीनं निवेदनाच्या पाठीवर तिनं शिंप्याची अख्खी पाटी उतरवली. शेपटासकट.
इतके दिवस आम्ही दोघं भांडत होतो — हिला कुणी विचारलंच नाही.