मायला मी काय समजावलं

प्रिय करुणा,

हे पत्र तुझ्या भावाच्या, रत्नपालच्या हातून पाठवतोय. तू माझा नंबर ब्लॉक केलास, बराबरच केलंस. औंढ्याच्या स्टँडवर तुला जे नको ते बोललो, ते आठवलं की अजून कान तापतात. तरी नांदेडची बस आली की मान आपोआप वर होते. फाडायच्या आधी एकदा वाच.

मायच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. वर्षभर तिनं कुणाला दाखवलीच न्हाई, आता कॅन्सर काखेपर्यंत पोचलाय. डॉक्टर मॅडमनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. शरीराच्या राखणदार पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात, सायटोकाइन म्हणतात त्यांना. काही निरोपांनी रोगाशी लढायला कुमक येते, आणि काहींचा फायदा कॅन्सरच उचलतो, गाठीतून सुटून दुसरीकडं घर करायला. मी मान हलवली. आपलं मोडलं त्या रागात दुसऱ्या वर्षाला बीएस्सी सोडणाऱ्याला तेवढंच जमतं. पण मग राखणदार आपले का त्याचे? आणि मी दोन महिने मायला प्रतिकारशक्तीचा काढा पाजला, तो कुणाला लागला? मॅडम नुसतं ‘बंद करा’ म्हणाल्या. पुढं विचारायची हिंमत झाली न्हाई. तू नांदेडला काम करतेस त्या लॅबमध्ये कुणाला ठाऊक असेल का गं?

घरी येऊन मी शहाणपणा केला. सोपं करून सांगावं म्हणून मायला म्हटलं, कुंपणच शेत खाऊन राहिलंय. तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिचा हात थांबला. म्हणाली, माझंच अंग माझ्यावर उलटलं, मग तुमचं औषध मारणार कुणाला? मलाच की! मंगळवारी पहिली केमो, आणि ती जात न्हाई म्हणते. मी ओरडलो, ताट आपटलं. माझा राग तुला माहीत आहे.

काल ती आपणहून बोलली. तू अर्धाच शिकलास रे बालाजी, जी पुरी शिकली तिला विचार. मी म्हटलं, कुणाला? तर म्हणे, करुणाला. जिला मीच उंबऱ्याबाहेरून परत धाडलं, तिला. ती जा म्हणली तर जाते. म्हणून लिहितोय. मला माफ करू नकोस, चालेल. ‘चालेल’ हे खोटं लिहिलं, चालणार न्हाई, पण ते राहू दे. मंगळवारच्या आत मायला फोन कर, नंबर मागं लिहिलाय. तुझा फोन आला की मी घरात थांबणार न्हाई, शपथ.

तू नको म्हणालीस तरी तुझाच,
बालाजी