गाडीखाली गंज

७ जानेवारी

आज गाडीखाली गेलो. हौस नव्हती. कुत्र्याने माझी चप्पल ओढून नेली, ती काढायला गेलो. उताणा पडून हात लांब केला, वर पाहिलं — चासी! जिच्यावर सगळी गाडी उभी असते ती लोखंडी चौकट. कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटलेले. बोट लावलं तर तांबडा भुगा डोळ्यात पडला.

ओरडलो, "गंज! गाडीखाली गंज!"

बायको, बेबाबाई, स्वयंपाकघरातून धावत आली. "गंज तं ओट्यावर आहे, दुधाचा. गाडीखाली कोनं नेला?"

आमच्याकडे पातेल्यालाही गंज म्हणतात, त्याला मी काय करू! डोळा धुवायला तिने त्याच गंजात पाणी आणून दिलं.

८ जानेवारी

हेमराजला सांगितलं. मुलगा माझा, पण ऐकतो गाडीचं. म्हणे, "आबा, ही गाडी म्हणजे वाघ आहे." म्हटलं, वाघाच्या पोटाला भोक पडायला आलंय. तर म्हणे, "मागच्या महिन्यात तुम्हाला सिलेंडरचाही वास येत होता."

येत होता. खरंच येत होता. निघालं काही नाही, ते वेगळं. पण दहा वेळा खोटा ठरलेला माणूस अकराव्यांदा खरा असूच शकत नाही का?

१० जानेवारी

गाडी घेतली तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. कोकणातल्या एका डॉक्टरची, समुद्रकाठी उभी राहिलेली. "एकहाती चाललेली," म्हणे. अरे, पण खारा वारा किती हातांनी लागला? यावलच्या बाजारात आपण बैल घेतो तर दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. गाडी घेताना हेमराजने गाणी किती मोठ्याने वाजतात ते पाहिलं.

त्यात आम्ही तिच्यातून खताच्या गोण्या वाहिल्या. पोटॅशने केळी पिवळी झाली, चासी तांबडी झाली.

तिचे लाड मात्र विचारू नका. नवे सीट कव्हर, निळे दिवे, मागच्या काचेवर तोंड वासलेला सिंह. सगळा खर्च वरून. खालचं पाहायला वाकावं लागतं, आणि मोठ्या गाडीचा मालक वाकत नाही.

१४ जानेवारी. संक्रांत

आज टोचलं!

नात ऋतिका जळगावच्या कॉलेजातून सणाला आली आहे. तिला म्हटलं, मोबाइलची बॅटरी धर. पोरगी गुणी, धरली. मागच्या चाकाजवळ हातोडीने ठोकून पाहिलं. ठण् वाजायला हवं तिथे भद्द वाजलं. मग स्क्रूड्रायव्हर टोचला — मुठीपर्यंत आत! ओढला तर चासीचा तुकडाच हातात आला. पापडासारखा.

हेमराज तिळगुळाचा डबा घेऊन बाहेर आला आणि बोंबलला, "आबांनी गाडीला भोक पाडलं!"

सून डिंपल : "सणाच्या दिवशी तरी गप बसायचं, आबा!"

मी म्हटलं, अरे, भोक होतंच. मी फक्त ते उघडं केलं. हेमराज म्हणे, "टोचलं नसतं तर टिकली असती ना?"

म्हणजे डॉक्टरने नाडी धरू नये. धरली तर रोग त्याचा!

तिळगूळ मला कोणी दिला नाही. नंतर ऋतिकाने दिला. "गोड बोला" म्हणाली नाही, नुसता दिला.

१५ जानेवारी

गावात झालं माझं नाव. वना न्हावी दाढी करताना म्हणाला, "आबा, आमच्या ट्रॅक्टरपासून लांब राहा बरं." वस्तरा त्याच्या हातात होता म्हणून हसलो.

१८ जानेवारी

उखर्डू मिस्त्रीच्या गॅरेजला गेलो. बसून राहिलो, नजर ठेवायला. उखर्डूने खाली डोकावलं, तंबाखू मळली, म्हणाला, "थोडा गंज पाहिजेच आबा. लोखंड पिकतं." केळी आहे का ती, पिकायला! म्हटलं, सगळी चासी खरवडून पाहा. म्हणाला, "खरवडली तर काय उरेल?"

म्हणजे त्यालाही ठाऊक आहे.

मग भोकावर पत्रा मारला, पत्र्यावर पुट्टी, पुट्टीवर काळा रंग. हेमराज खूश. "आता सापडतं का दाखवा!"

१९ जानेवारी

रंग वाळला. छान चमकतो.

२१ जानेवारी

एवढी घाई कशाची होती ते आज कळलं. धुळ्याचे पाहुणे येऊन गेले, ऋतिकाला पाहायला. त्यासाठीच पोरीला सणानंतर कॉलेजात परत जाऊ दिलं नव्हतं. मुलाचं नाव नवीन, कंपनीत आहे. बाप अभिमन नाना, आई सुनंदाबाई. नानांनी पोहे खाता खाता दोनदा अंगणात पाहिलं — गाडीकडे. मुलगी त्यांना पसंत. मुलगा आम्हा सगळ्यांना पसंत. रविवारी त्यांचं घर पाहायला जायचं. "गाडीनेच या," म्हणाले.

२६ जानेवारी

गेलो. मी एसटीने येतो म्हटलं तर डिंपल म्हणे, "लोक काय म्हणतील, घरात गाडी असून आजोबा एसटीने?" पुढच्या सीटवर बसवलं. मागे सगळे खच्चून. तापीच्या पुलावर मी पाय वर उचलून धरले. बेबाबाई मागून म्हणाली, "त्यानं वजन कमी होतं का?" बरं वाटतं, एवढंच. गतिरोधक आला की खालून कण्हल्यासारखा आवाज येई. हेमराज लगेच गाण्याचा आवाज वाढवी. रोगावर औषध!

धुळ्यात मान मोठा. जेवणं झाली. अभिमन नाना गाडीभोवती फिरले, बॉनेटवर थाप मारली. "भारी शे गाडी, हेमराजभाऊ! भारी शे!"

आणि आमचा हेमराज छाती फुगवून म्हणाला, "नाना, तुमचीच समजा!"

नाना म्हणाले, "समजलो."

सुनंदाबाईंनी टाळ्या वाजवल्या. आतून पेढे आले.

२७ जानेवारी

घरात सुतक. डिंपल म्हणते, "'तुमचीच समजा' म्हटलं की समोरच्यानं 'नको नको, असू द्या' म्हणायचं असतं! एवढी साधी रीत माहीत नाही त्यांना?" हेमराज भिंतीकडे पाहत बसलेला.

बेबाबाई : "घरी जेवून जा म्हटलं तं खरंच जेवून जाणारे लोक दिसतात."

२८ जानेवारी

हेमराज सावरला. गावात बोलबाला झालाय ना — हेमराजने लेकीला गाडी दिली! पारावर दोघांनी त्याचे हात हातात घेतले. आता तो म्हणतो, आपण ठरवूनच दिली.

मी म्हटलं, अरे, त्या गाडीत आपली ऋतिका बसणार आहे. रोज!

म्हणे, "आबा, चासीचं एक अक्षर काढाल तर सोयरीक मोडेल. लग्न होऊ द्या, मग सांगू." लग्न झाल्यावर सांगायच्या गोष्टी आधीच पुष्कळ असतात, त्यात ही एक.

३१ जानेवारी

नानांचा फोन. साखरपुड्यालाच गाडी घेऊन जाणार. लग्न लागलं की नवीन-ऋतिकाने पहिलं वणीच्या गडावर देवीला जायचं — स्वतःच्या गाडीने. म्हणजे घाट! एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि खाली उखर्डूची पुट्टी.

हेमराजला म्हटलं तर म्हणाला, "देवी आहे ना." देवीने आता वेल्डिंगही करायचं!

२ फेब्रुवारी

आज धीर केला. सगळे शेतात गेले तसा नानांना फोन लावला. म्हटलं, नाना, एक सांगायचं राहिलं. गाडीखाली गंज आहे.

"काय शे?"

"गंज! गंज! पुष्कळ गंज आहे. पाहून घ्या."

नानांनी आत ओरडून सांगितलेलं मी कानांनी ऐकलं — "ऐकलं का, त्या गाडीसोबत गंज बी देतायत! पुष्कळ!"

सुनंदाबाई फोनवर आल्या. "आबा, कशाला एवढं? पण देताच आहात तर पितळेचे द्या, स्टीलचे आमच्याकडे आहेत."

मी फोन ठेवला. माझीच जीभ वैरी.

३ फेब्रुवारी

सुनंदाबाईंनी डिंपलला फोन करून गंजांची मापं दिली. घरात मला विचारलं, कसले गंज? मी म्हटलं, मला नीट ऐकू येत नाही हल्ली.

फोनवर होणार नाही. समोर जाऊन, नानांचं बोट धरून त्या भोकावर ठेवायला पाहिजे. पण सोयरीक मोडली तर पोरीच्या नावाला बट्टा, आणि लावला कोणी? आजोबांनी! नाही सांगितलं तर घाट. दोन्हीकडून मीच.

४ फेब्रुवारी

शेवटी ऋतिकालाच सांगितलं. चासीचं, घाटाचं, सगळं. म्हटलं, पोरी, मी धुळ्याला जाऊन खरं बोललो तर हे लग्न मोडेल गं.

ती म्हणाली, "मोडू द्या ना, आबा. मला नाही करायचं. मला कोणी विचारलंच नाही."

मग आत गेली आणि पिशवी घेऊन आली. माझा धुतलेला सदरा, डोळ्यांचं औषध, दशम्या — सगळं आधीच भरलेलं होतं.

"सकाळी धुळ्याची पहिली एसटी आहे," म्हणाली.