आमचे आठ आणे

११ फेब्रुवारी २०२५
शेडमध्ये दोनच माग! चार होते. मोकळ्या जागेत जमिनीतले बोल्ट तेवढे वर आलेले, गंजलेले. हे गेल्यानंतर आज पहिल्यांदाच कबनूरला गेले. ह्यांचे भागीदार कुतुबुद्दीनभाई दारातच उभे.
'दोन कुठं गेले?'
'भंगारात गेलं, वैनी. आता ते काढू नका की.'
कोणी घातले, ते सांगेनात. हातातला मागाचा धोटा उलटसुलट करत राहिले.

१४ फेब्रुवारी
ह्यांना जाऊन पंचवीस दिवस. तेवढ्यात माग विकायची हिंमत! आम्ही इथे कोल्हापुरात दिवस घालत होतो, तेव्हाच साधलं असणार.

१७ फेब्रुवारी
वकीलबाईंकडे. मी चारही मागांची चालू किंमत धरून गेले होते. त्यांनी थांबवलं. 'गेले दोन. तेही दोघांचे. त्यामुळे पूर्ण किमतीचा दावा नाही, तुमच्या आठ आण्यांचाच. आणि किंमत आजची नाही, माल गेला त्या दिवसाची. तो दिवस आणा.'
पाठीवर हात फिरवणारं कोणी नको होतं. बरं झालं, दिवसच मागितला.

२० फेब्रुवारी
कुतुबुद्दीनभाईंचा फोन. 'वकिलाला कशाला पैसं घालवताय? अर्धं मी देतो, हप्त्यानं.'
इतक्या लवकर कबूल? मग म्हणाले, 'आकाराम असता तर त्याच्याशी भांडलो असतो. तुमच्याशी काय भांडू?'
बाई एकटी, असंच ना! हप्ते नकोत. कोर्टातच बघू.

२५ फेब्रुवारी
फीसाठी पाटल्या मोडाव्या लागणार. दिवाळी पाडव्याला ओवाळलं, तेव्हा ह्यांनी तबकात ठेवल्या होत्या. 'जुनी बाकी आली,' म्हणाले. बाकी कोणाची, ते मी विचारलं नाही. डबा काढला, परत ठेवला.

३ मार्च
माग घेणारा भंगारवाला सापडला. जानेवारी-फेब्रुवारीची वही बघायला मागितली. तो हसला. 'ताई, उशिरा आलासा. ते दिवाळीत गेलतं की.'
पान काढून दिलं. ३० ऑक्टोबर. दोन माग, वजनावर. खाली सही. 'आकाराम'मधला रा नेहमीसारखा ओळीच्या खाली घसरलेला.
ह्यांचीच.
कुतुबुद्दीनभाई त्या आठवड्यात मिरजेला होते, मुलीच्या बाळंतपणाला. तीन दिवसांनी पाडवा.
भंगारवाला चहा घ्या म्हणत होता. घेतला की नाही, आठवत नाही.

४ मार्च
वकीलबाईंना दावा नको म्हणून कळवलं. पाटल्या काढल्या. जोडीतली एक कुतुबुद्दीनभाईंची आहे.