'निष्क्रिय' ठरलेल्या ताईस

ताईस,

वाकून नमस्कार. (फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर.) तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला उतरला असेल. इकडे सगळे ठीक, मी सोडून.

नोकरी करणाऱ्यांना कोर्सची नोंदणी चटकन करता यावी, म्हणून आठ महिने मी त्या प्रशिक्षण संस्थेची वेबसाइट बनवत होतो, हे तुला माहीत आहेच. (नको तितक्या वेळा सांगितलंय.) "जखमांच्या ड्रेसिंगच्या कोर्सची नोंदणी कधी सुरू होते तेवढं कळव, तो केल्याशिवाय हेडनर्स करत नाहीत," असं तू म्हणालीस, तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "ताई, आता कुणाला विचारायलाच नको. तीनदा बोट लावलं की झालं." ऑफिसातल्या सहा जणांना वापरायला देऊन खात्री केली होती ना! ते सहाही जण दिवसभर खुर्चीतून हलत नाहीत, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मग त्या दिवशी तू वॉर्डाशेजारच्या खोलीत, कपाटाला टेकून फॉर्म भरायला घेतलास. घंटा वाजली, पळालीस. परत येऊन बघतेस तर फॉर्म कोरा, आणि वर वाक्य: 'आपण बराच वेळ निष्क्रिय आहात.' पुन्हा भरायला घेतलास, तर आठ नंबरच्या आजोबांची सलाइन निघाली. परत आलीस तर तेच वाक्य. ते मी लिहिलंय, ताई. (दोन दिवस शब्द निवडत होतो.) तिसऱ्यांदा उघडलंस तोवर वीसही जागा गेल्या होत्या. फोनवर तू ओरडली नाहीस. "सकाळपासून घोटभर पाणी प्यायले नाहीये रे. मी निष्क्रिय?" एवढंच विचारून फोन ठेवलास. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेलो. नोंदणीच्या बाई पूर्वी फोनवरच नावं लिहून घ्यायच्या. "नर्सबाई मध्येच म्हणायच्या, जरा थांबा हं. मग मी थांबायचे," त्या म्हणाल्या. थांबणं तेवढं मी वेबसाइटमध्ये घातलं नव्हतं. आता अर्धा फॉर्म आठवडाभर तसाच राहतो, ते वाक्यही काढलंय. पण हे सुचायला तुझी जागा जावी लागली, हे मनातून जात नाही.

चुकलो.

तुझा धाकटा

ता. क. विसांतली पहिली जागा मीच घेतली होती. चालतंय का बघायला बटण दाबलं, आणि चाललं. रद्द करायचं बटण मी ठेवलंच नव्हतं. (स्क्रीन मोकळी दिसावी म्हणून.)

आणखी एक. ती जागा तुझ्या नावावर करायला बाई तयार आहेत, फक्त तुझी सही हवी. तोवर जागा रिकामी दिसली तर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, म्हणून सोमवारपासून कामावरून सुटलो की वर्गात मीच बसतोय. आतापर्यंत ड्रेसिंगचा सराव रबरी हातावर भागला. गुरुवारी साडेपाचला मात्र संस्थेचे वॉचमन सोललेला गुडघा घेऊन येणार आहेत. माझी नको, त्यांची तरी दया कर आणि ये.