भामाबाईचा फोन

४ जानेवारी २०२६, रविवार

गाडीच्या डाव्या दाराचं पॅड निघालं. चार क्लिपा तुटल्या. व्हिडिओतल्या माणसाची एकपण तुटत नाय, माझ्या पहिल्याच ओढीत टकाटक उडाल्या.

औरंगपुऱ्यातला दुकानदार म्हणाला होता, 'मॅडम, स्पीकर घरी बसवायचं काम नाय. मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.' मी म्हटलं, मिस्टर बाहेरगावी असतात. सगळ्यांना हेच सांगते. आता सांगताना जीभ अडखळत पण नाय.

विश्वजीत बाहेरगावी नाय, कुठंच नाय. कन्नडला काम आहे म्हणून गेला त्याला सहा वर्षं झाली. मोटरसायकल एसटी स्टँडवर सापडली. तो नाय सापडला.

असो. आज स्पीकरचं लिहायचं होतं. दाराच्या पत्र्याला आतून डांबरी शीट चिकटवली, म्हणजे आवाज खडखडत नाय. आत्या प्लास्टिकच्या खुर्चीत उजेडासाठी बॅटरी धरून बसल्या होत्या. वरच्या मजल्यावरची सुलेखा जिन्यात थांबून म्हणाली, 'सासूला कुणी असं कामाला लावतं का गं?' आत्या म्हणाल्या, 'सासू नाय, हेल्पर हाये मी. पगार थकलाय.'

लई हसलो.

६ जानेवारी, मंगळवार

शॉकअपचं पार्सल आलं. मागच्या चाकांचे दोन्ही. जुने पार मेलेत, शेंद्र्याच्या रस्त्यावर गाडी बोटीसारखी डुलते. आधी गाणी, मग चाकं.

११ जानेवारी, रविवार

हात अजून धुतले नाय. तरी लिहिते. लिहिलं नाय तर उद्या मला वाटेल की असं काही झालंच नव्हतं.

स्टिरिओ बसला. माझ्या फोनवर व्हिडिओ चालू होता, म्हणून ट्रायलला आत्यांचा फोन जोडला. त्यांची भजनं वाजवली. चारी दारांतून काय आवाज आला! आत्या पाच मिनिटं गप बसून ऐकत होत्या. मग सुलेखाकडं तिळाचे लाडू वळायला गेल्या. फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून. गाडी खिडकीखालीच उभी.

मी एरवी रविवारी सकाळी भाजीला जाते. आज कामापायी गेले नाय.

स्टिरिओच्या स्क्रीनवर नाव आलं — भामाबाई पिशोर. भामाबाई म्हणजे आत्यांची चुलत बहीण. मी बटण शोधतेय, तोवर फोन आपोआप उचलला गेला. तशी सेटिंगच असते म्हणे.

आणि दारातून विश्वजीत बोलला.

'आई, जेवलीस का?'

मी सीटवर आडवी होते, डोकं स्टेअरिंगखाली, हातात वायर. तशीच राहिले.

'आई? गुडघा कसा हाय? तेल लावती का नाय?… हॅलो… आवाज येईना का? तुझ्या फोनचं काय खरं नाय. ठिवतो, मंग करतो.'

बंद.

पुन्हा भजन सुरू झालं. जिथं थांबलं होतं तिथूनच.

त्याच दिवशी, दुपारी

भास नाय. सहा वर्षांनी आवाज विसरतो म्हणतात. नाय विसरत. 'हाय' म्हणताना त्याचा आवाज नाकात जातो. दुसऱ्या कुणाचा असा जात नाय.

तो जिवंत आहे.

हे वाक्य लिहून मी किती वेळ त्याच्याकडं बघत बसले. आनंद व्हायला पायजे ना? मला फक्त गार वाटतंय.

त्यानं माझं नाव घेतलं नाय. आईचा गुडघा विचारला. मंजू कशी आहे, नाय विचारलं.

१३ जानेवारी, मंगळवार

आत्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, 'भामामावशीचा फोन आलता का एवढ्यात?'

भाकरी थापता थापता म्हणाल्या, 'व्हय की. पिशोरात लई थंडी म्हणे. शेकोटीपाशी बसून राहते म्हणे दिवसभर.'

हात थांबला नाय. भाकरी एका बाजूला पण जाड झाली नाय. एवढं सफाईदार खोटं या बाईला येतं, हे मला आज कळलं. कधीपासून चाललंय हे? मी किती वेळा म्हणाले असेन, भामामावशीला माझा नमस्कार सांगा. सांगते म्हणायच्या.

नंबर स्टिरिओच्या स्क्रीनवर नावाखाली होता. मला पाठ झालाय. लावत मात्र नाय. लावून बोलायचं काय?

१४ जानेवारी, संक्रांत

सुलेखाकडं हळदीकुंकू. दरवर्षी माझ्यापाशी आली की तिचं बोट अडतं. लावावं का नाय, तिला कळत नाय. मग मीच म्हणते, लाव गं, कागदोपत्री आहे अजून. बाया हसतात, विषय संपतो.

आज तिचं बोट अडलं, आणि मला म्हणताच येईना. लाव, तो आहे. काल-परवाच बोलला. आईला जेवलीस का म्हणाला. हे सगळं घशापर्यंत आलं. सुलेखानं माझ्या तोंडाकडं बघून पटकन कुंकू टेकवलं आणि वाण हातात दिलं. प्लास्टिकचा डबा. तो घेऊन मी उठले आणि कुणाशी न बोलता खाली आले.

१८ जानेवारी, रविवार

आज मागचे शॉकअप काढायला घेतले. खरं तर हातांना काहीतरी पायजे होतं. गाडी जॅकवर घेतली, खाली लोखंडी स्टँड लावले, चाकं काढली. डावा नट गंजून गच्च. तेल मारलं, पान्याला पाइप लावून जोर दिला. हलेना. आत्या खुर्चीत बसल्या होत्या. 'आज ऱ्हाऊ दे मंजू. कंबर धरंल.'

मी पाइप सोडला नाय. तसंच म्हणाले, 'भामामावशीचा फोन गाडीत येतो आत्या. मागच्या रविवारी मी उचलला.'

नट सुटला की काय झालं माहीत नाय, मी जमिनीवर बसले होते आणि पाइप गडगडत फाटकापर्यंत गेला होता.

आत्यांच्या हातातली बॅटरी दिवसा पण चालूच होती, ती त्यांनी बंद केली.

'कधीपासून?' मी विचारलं.

'साडेचार वर्सं झाली आसतील.'

'कुठं आहे?'

'सांगत नाय.'

'मला का नाय सांगितलं?'

'त्यानं शपथ घातली. मंजूला सांगितलंस तर पुन्हा फोन नाय करणार म्हणाला. आई हाये गं मी.'

साडेचार वर्षं. मी तिथंच मोजायला लागले. तीन वर्षांपूर्वी जालन्याहून पोलिसांचा फोन आला होता, असा असा माणूस सापडलाय, ओळखायला या. आत्या म्हणाल्या होत्या, 'जाऊ नको, तो नसल.' मला वाटलं, आईचं मन. मी गेलेच. आत्या पण संगं आल्या, शवागाराबाहेर बाकड्यावर बसल्या. मी आत गेले. त्या माणसाचं तोंड मला अजून दिसतं. बाहेर आले, तर आत्यांनी बाटलीतलं पाणी दिलं.

पाणी दिलं! तो जिवंत आहे हे माहीत असताना मला आत जाऊ दिलं.

हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी घरात गेले नाय. दोन्ही शॉकअप बसवूनच उठले. जुना हातानं दाबला की दबतो आणि तसाच राहतो, वर येतच नाय. दोन्ही फेकून दिले.

२० जानेवारी, मंगळवार

बोलणं बंद. त्या ताट वाढून ठेवतात, मी स्वतःचं वेगळं वाढून घेते.

कन्नडला भावाला फोन केला, वरची खोली रिकामी आहे का म्हणून. 'ताई, काय झालं?' म्हणाला. म्हटलं, सहज. खोली आहे म्हणाला, कधीपण ये.

आत्यांनी फोन बंद करून कमरेच्या पिशवीत ठेवलाय. रविवारपासून. बंद कशाला?

२२ जानेवारी, गुरुवार

झोप नाय. जुनं सगळं वर येतंय.

तो काही पहिल्यांदा गेला नव्हता. आधी दोनदा गेला होता, एकदा तर आठ महिने. आला की दारात हसत उभा, जसा काय कोपऱ्यावरून दूध घेऊन आला. मी रडायचे, मग ताट वाढायचे. मारलं नाय त्यानं कधी, शिवी नाय दिली. प्रेमानं बोलायचा. जेवलीस का विचारायचा. आणि एक दिवस नसायचा.

तिसऱ्यांदा गेला तेव्हा मी अंथरूणच धरलं. आत्यांनी मला आंघोळ घातली, घास भरवले. केसांत जटा झालेल्या, त्या मांडीवर डोकं घेऊन एक एक सोडवल्या. कंपनीत जागा निघाली तेव्हा अर्ज द्यायला माझ्यासंगं आल्या, गेटबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. गाडी शिकताना शेजारी बसल्या, तेव्हा कुणी बसायला तयार नव्हतं.

आणि हीच बाई. मला दोन्ही एकत्र धरता येईना.

२५ जानेवारी, रविवार

लावला फोन.

आत्या देवळात गेल्या होत्या. मी गाडीत बसले, काचा वर केल्या, स्टिरिओला माझा फोन जोडला आणि तो पाठ झालेला नंबर लावला. रिंग चारी दारांतून वाजत होती.

'हॅलो, कोण?'

'मी मंजुषा.'

मागं कुठंतरी भांडी आपटल्याचा आवाज, कुणीतरी हिंदीत ओरडतंय.

'मंजू?' मग हळूच, 'तू कशी काय… नंबर कुणी दिला? तुझ्या घरी चालतं का हे, मला फोन केलेला?'

'माझ्या कुठल्या घरी?'

'पुण्याच्या.'

'मी पुण्याला नाय. मी इथंच आहे. आईपाशी.'

मग म्हणाला, 'तू दुसरं लग्न केलंस ना? आई म्हणाली. चांगला माणूस हाय, सुखात हाय, तिच्या वाटंला जाऊ नको म्हणाली.'

'कधी म्हणाली?'

'मी परत यायचं म्हटलं तेव्हा. चार वर्सं झाली. इथून, वापीहून निघालो होतो मी मंजू. नाशकापर्यंत आलो. स्टँडवरून आईला फोन केला, म्हटलं तुला आधी सांगावं. तर ती म्हणाली, मंजू आता इथं नाय.'

'मला सांगू नको म्हणून शपथ घातलीस ना तू आईला?'

'मी? मी कशाला शपथ घालू?'

सहा वर्षांनी त्याच्याशी बोलत होते आणि अहो म्हणायचं विसरले होते. ते तेव्हा लक्षात आलं.

मग तो रडला. रडणं स्पीकरमधून लई मोठं येतं. नाक ओढल्याचं पण येतं. आणि मग त्याच जुन्या आवाजात, दारात उभा राहून म्हणायचा तसं म्हणाला, 'मंग येऊ का आता?'

मी आवाजाचं बटण फिरवत गेले. शून्यावर येईपर्यंत. स्क्रीनवर सेकंद पुढं पुढं पळत होते, म्हणजे तो बोलत असणार. मी बसून राहिले. मग फोन कट केला.

शपथ नव्हतीच. दोघांना खोटं सांगितलं. त्याला मी गेले म्हणून, मला तो गेला म्हणून. स्वतःचा एकुलता एक पोरगा नाशकाच्या स्टँडवरून माघारी पाठवला. का?

आत्या देवळातून आल्या. माझ्याकडं बघितलं आणि समजल्या. प्रसादाचा द्रोण ओट्यावर ठेवला आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडल्या. मी विचारलं नाय.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी विचारलं. 'का केलंत असं?'

भिंतीकडून तोंड वळवलं, उठून बसल्या. मग म्हणाल्या, 'तो आला आसता, तर तू घेतलं आसतंस त्याला घरात. पुन्हा. मंग पुन्हा गेला आसता तो. तुला तिसऱ्यांदा मी वर काढलं मंजू, चौथ्यांदा माझ्यानं झालं नसतं. पोरगा कुठं का आसंना, जगतो त्यो. तू जगली नसतीस.'

मी म्हटलं, नसतं घेतलं.

भावाला कळवलं, खोली नको.

आत्यांना सांगितलं नाय, पण काल गाडीत त्यानं येऊ का विचारलं, तेव्हा माझ्या तोंडात 'या' आलं होतं.